चंदननगरचा जोगेंद्र, लीड्सचा जॉन: एका शिपायाचा माग

कोलकात्याच्या उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवर, हुगळीच्या काठी चंदननगर वसलं आहे. १९५० पर्यंत हे गाव फ्रेंचांच्या ताब्यात होतं. ड्युप्ले या फ्रेंच गव्हर्नरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाड्यात आता तिथलं संग्रहालय आहे. साहित्याचे अभ्यासक शंतनू दास २००५ मध्ये तिथे गेले, तेव्हा काचेच्या एका कपाटात त्यांना एक चष्मा दिसला. भिंग फुटलेलं आणि त्यावर रक्ताचे डाग. चष्मा जे. एन. सेन यांचा होता. ब्रिटिश सैन्याच्या वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटमधला हा साधा शिपाई पहिल्या महायुद्धात मारला गेला होता.

परदेशात गेलेल्या आणि तिथेच युद्धात पडलेल्या माणसाचा माग कसा काढायचा, असं मला अनेक जण विचारतात. घरात एखादं पदक असतं किंवा आजीच्या तोंडून ऐकलेलं अर्धं नाव असतं, त्यापलीकडे काही नाही. अशा वेळी मी सेन यांचं प्रकरण सांगतो. शोधात जे जे होतं, जे जे अडतं आणि जे जे अचानक हाती लागतं, ते सगळं या एका माणसाच्या कथेत आहे.

वस्तू होती, माणूस नव्हता

संग्रहालयातल्या त्या कपाटाने प्रश्न जास्त उभे केले, उत्तरं कमी दिली. पहिला प्रश्न असा, की बंगाली माणूस इंग्लंडच्या पायदळात गेला कसा?

त्या काळच्या हिंदुस्थानी सैन्यात भरती ‘लढाऊ जमाती’ या कल्पनेवर चालायची. शीख, गुरखे, पठाण, डोगरे, राजपूत आणि आपल्याकडचे मराठे त्यात बसत. बंगाली बसत नसत. बुद्धीने हुशार पण लढाईला नालायक, असा शिक्का इंग्रजांनी त्यांच्यावर कायमचा मारून ठेवला होता. युद्धाला दोन वर्षं झाली, माणसं कमी पडू लागली, तेव्हा कुठे १९१६ च्या ऑगस्टमध्ये बंगाली तरुणांची एक ‘डबल कंपनी’ उभारायला सरकार तयार झालं. पुढे तिचीच ४९ वी बंगाली पलटण झाली आणि कवी काझी नजरुल इस्लाम तिच्यातच भरती झाले. सेन मात्र त्याआधीच, मे १९१६ मध्ये, फ्रान्समध्ये पडले होते. म्हणजे मायदेशी ज्याला कुणी बंदूक दिली नसती, तो लीड्समध्ये १९१४ सालीच खाकी घालून उभा होता.

नाव, रेजिमेंट आणि हुद्दा या तीन गोष्टी एकमेकींशी जुळत नसल्या, तर बरेच जण त्यातलं काहीतरी चुकलंय असं समजून शोध सोडून देतात. माझ्या मते तिथूनच शोधाला सुरुवात करायला हवी. न जुळणारी गोष्ट खरी असली, तर माणसाच्या आयुष्यात काहीतरी वेगळं घडलं होतं एवढं ती नक्की सांगते. इथे ते वेगळं म्हणजे स्थलांतर.

लीड्सचं टोक

इंग्लंडच्या बाजूला नाव होतं. लीड्स विद्यापीठाच्या युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या यादीत ‘सेन’ कोरलेलं होतं. स्मारकावर नाव असणं म्हणजे विद्यापीठाच्या दप्तरात त्या माणसाची नोंद असणारच. २००५ नंतरच्या दशकात चंदननगरचं कपाट आणि लीड्सची भिंत यांची गाठ बसली, आणि २०१५ च्या सुमाराला वर्तमानपत्रांतून जोगेंद्रनाथ सेन यांची कहाणी बरीचशी पुरी होऊन लोकांसमोर आली.

१८८७ चा जन्म, चंदननगरचा. १९१० मध्ये ते लीड्सला आले आणि १९१३ मध्ये तिथे विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. राहायला ब्लॅकमन लेनवर भाड्याची खोली होती. पदवीनंतर परत न येता त्यांनी लीड्सच्या नगरपालिकेच्या वीजकेंद्रात सहायक अभियंता म्हणून नोकरी धरली. शिकायला गेलेला माणूस इथेच स्थलांतरित झाला, असं मी म्हणेन. शिक्षण संपलं होतं, परतीचा रस्ता मोकळा होता, तरी त्यांनी त्या शहरात संसार मांडावा तशी नोकरी मांडली. शहराचे दिवे ज्या केंद्रावर लागत, तिथे हा चंदननगरचा मुलगा पगारावर काम करत होता.

ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्ट १९१४ ला. लॉर्ड किचनर यांनी स्वयंसेवकांना हाक दिली आणि उत्तर इंग्लंडच्या शहरांनी आपापल्या पलटणी उभ्या केल्या. एका गल्लीतले, एका कचेरीतले, एका फुटबॉल संघातले मित्र एकत्र भरती होतील आणि एकत्रच लढतील, असा त्यामागचा वायदा होता. त्यांना ‘पाल्स’ म्हणत, म्हणजे दोस्तांच्या पलटणी. लीड्सने सप्टेंबर १९१४ मध्ये अशी पलटण उभारली. कागदोपत्री ती वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटची १५ वी बटालियन. भरतीला आले ते मुख्यतः कारकून, शिक्षक, दुकानांतले हिशेबनीस, म्हणजे टेबलावर काम करणारे लोक. सेन अगदी सुरुवातीलाच, सप्टेंबरमध्येच, भरती झाले. त्या पलटणीतला गोऱ्या वर्णाचा नसलेला दुसरा कुणी आजवरच्या शोधात सापडलेला नाही.

साथीदार त्यांना ‘जॉन’ म्हणत. शोध घेणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावं. परदेशात गेलेल्या माणसाची नावं दोन असतात. एक घरच्यांनी ठेवलेलं, दुसरं तिथल्यांच्या जिभेवर बसलेलं. सैन्याच्या कागदावर तिसरंच असू शकतं, कारण कारकुनाने कानाला जसं लागलं तसं लिहिलेलं असतं. म्हणून आद्याक्षरं, आडनाव आणि रेजिमेंट या तिन्हींनी शोधावं. नुसतं पूर्ण नाव टाकून काही मिळालं नाही, म्हणजे माणूस नाही असं होत नाही.

हुद्द्यामागची गोष्ट

अभियंता, पदवीधर, आणि तरी शेवटपर्यंत साधा शिपाई. याच पलटणीतल्या कितीतरी कमी शिकलेल्यांना बढत्या मिळाल्या.

त्याचं उत्तर आर्थर डाल्बी या पलटणीतल्याच सैनिकाच्या आठवणीत आहे. म्हातारपणी, १९८० च्या दशकात, घेतलेल्या मुलाखतीत ते सेन यांच्याबद्दल बोलले. आशय असा: आमच्या पलटणीत सगळ्यात शिकलेला तोच, सातेक भाषा बोलायचा, पण त्याला साधा लान्स कॉर्पोरलही (शिपायाच्या वरची पहिली पायरी) होऊ दिलं नाही, कारण त्या काळी काळ्या माणसाला गोऱ्याच्या वर बसवत नसत.

ही साक्ष मला फार मोलाची वाटते. कागदावर हा अन्याय कुठेही लिहिलेला नाही. कागदावर फक्त ‘प्रायव्हेट’ एवढंच आहे. अधिकारीपदासाठी उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा, ही त्या काळच्या ब्रिटिश सैन्यातली उघड अट होती. लढाऊ दलांत हिंदी माणसाला राजाचं कमिशन मिळायला १९१७ उजाडलं. पण लान्स कॉर्पोरल हे काही अधिकारीपद नाही. ते नाकारायला नियमाची गरज नव्हती, रिवाज पुरे होता. आणि रिवाज नोंदवहीत लिहीत नाहीत. तो कुणाच्या तरी आठवणीतच राहतो. सत्तर वर्षं उलटून गेल्यावरही डाल्बी यांना ते आठवत होतं, म्हणजे तेव्हाही ते त्यांना खुपलं असणार.

अशा मौखिक साक्षीकडे पाहताना एक काळजी घ्यावी. सात भाषा हा आकडा तपासता येत नाही आणि तपासायची गरजही नाही. साथीदारांच्या मनात त्या माणसाची काय प्रतिमा होती, हे त्यातून कळतं. बढती न मिळण्याचा भाग मात्र कागदाशी जुळतो, कारण मृत्यूच्या दिवशीही हुद्दा शिपायाचाच होता. साक्ष आणि कागद जिथे एकमेकांना धरून असतात, तेवढं ठामपणे सांगावं.

पलटण जिथे, तिथे तो

साध्या शिपायाचं नाव बटालियनच्या रोजनिशीत सहसा येत नाही. तिथे अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांचे आकडे असतात. तरी ही रोजनिशी फार उपयोगी पडते, कारण पलटण कोणत्या तारखेला कुठे होती हे ती सांगते. माणूस त्या काळात इस्पितळात किंवा रजेवर नव्हता एवढी खात्री झाली, की पलटणीचा प्रवास म्हणजे त्याचाच प्रवास.

लीड्स पाल्सचा प्रवास असा झाला. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात कोल्स्टरडेल इथे छावणी पडली. १९१५ मध्ये रिपन, मग दक्षिणेला विल्टशायरमधलं फोव्हंट. डिसेंबर १९१५ मध्ये लिव्हरपूलहून बोट सुटली, आणि ती फ्रान्सला न जाता इजिप्तला गेली. सुएझ कालव्यावर तुर्कांचा पुन्हा हल्ला होईल ही धास्ती होती, म्हणून त्यांची ३१ वी डिव्हिजन तिकडे पाठवली. वाटेत भूमध्य समुद्रात त्यांच्या ‘एम्प्रेस ऑफ ब्रिटन’ बोटीची एका फ्रेंच बोटीला टक्कर झाली आणि फ्रेंच बोट बुडाली.

सुएझच्या वाळूत त्यांनी १९१६ चे पहिले दोन महिने काढले. कालव्याच्या बंदोबस्तात हिंदुस्थानी पलटणी युद्धाच्या सुरुवातीपासून होत्या. कलकत्त्याहून इंग्लंडला जाणाऱ्या बहुतेक आगबोटी याच कालव्यातून पुढे सरकायच्या. सेन यांच्यासाठी हिंदुस्थानच्या एवढं जवळ येण्याचा हा शेवटचा प्रसंग होता. त्यांच्या मनात काय होतं ते मी इथे रचून लिहिणार नाही. नकाशावर बोट ठेवून एवढं मात्र दिसतं, की घराच्या वाटेवर ते उभे होते आणि पलटण मागे फिरली. मार्च १९१६ मध्ये मार्सेय बंदरात उतरून ती आगगाडीने उत्तरेला, सोम नदीच्या आघाडीकडे गेली.

२२ मे १९१६

सोमच्या उत्तर टोकाला सेर नावाचं छोटं खेडं आहे. त्याच्यासमोर कोलँकाँ गावाजवळच्या खंदकांत पलटण होती. खंदकांपुढच्या मोकळ्या जमिनीत काटेरी तारांची कुंपणं असत. दिवसा तोफा त्या तोडत आणि रात्री माणसं बाहेर जाऊन त्या पुन्हा बांधत. २२ मेच्या रात्री सेन या तारेच्या कामावरच्या तुकडीत होते. अंधारात, लोखंडी खुंट आणि तारेची भेंडोळी घेऊन, आवाज होऊ न देता करायचं हे काम. जर्मन तोफांचा मारा सुरू झाला. तोफगोळ्याचे तुकडे त्यांच्या पायाला आणि मानेला लागले. वय २८.

कोलँकाँजवळच्या सुक्रेरी मिलिटरी सेमेटरीत त्यांचं दफन झालं. तिथे एक साखर कारखाना होता, त्यावरून दफनभूमीचं नाव पडलं. लीड्सच्या वर्तमानपत्राने त्यांची बातमी छापली, पलटणीने एक हिंदी साथीदार गमावला, अशा आशयाच्या मथळ्याखाली. म्हणजे शहराने त्यांना ओळखलं होतं. तरीही पुढची जवळजवळ नव्वद वर्षं त्यांची कथा फारशी कुणी सांगितली नाही. का?

याचं मोठं कारण १ जुलै १९१६ या तारखेत आहे, असं मला वाटतं. सेन गेल्यानंतर सहाच आठवड्यांनी सोमची मोठी चढाई झाली आणि लीड्स पाल्सना सेरवर चाल करायचा हुकूम मिळाला. आघाडीकडे जाताना याच सुक्रेरीच्या बाजूने पुढे गेलेल्या पलटणींनी तिथे आगाऊ खणून ठेवलेले मोठे सामायिक खड्डे पाहिले. सकाळी साडेसातला शिट्ट्या वाजल्या. त्या एका दिवसात लीड्स पाल्सचे पाचशेहून अधिक लोक ठार वा जखमी झाले, बरेचसे पहिल्या काही मिनिटांतच. लीड्सच्या गल्ल्यागल्ल्यांत एकाच आठवड्यात तारा आणि पत्रं येऊन पडली.

सेन यांना ओळखणारे, त्यांच्याबरोबर राबलेले, पुढे कुणाला तरी ‘आमच्यात एक बंगाली होता’ असं सांगू शकले असते, त्यांतले कितीतरी त्या उतारावरच पडले. मे महिन्यातला एक मृत्यू जुलैच्या त्या डोंगराखाली गाडला गेला. माग काढणाऱ्याने मृत्यूची तारीख पाहिली, की तिच्या पुढचे-मागचे दोन महिनेही पाहावेत. साक्षीदार कुठे गेले, हे तिथे कळतं.

जळालेले कागद आणि उरलेले

दुसरं कारण आगीचं. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या सेवापुस्तिका लंडनमधल्या एका कोठारात ठेवलेल्या होत्या. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बने ते कोठार पेटलं आणि निम्म्याहून अधिक, साधारण साठ टक्के, फायली जळाल्या. उरल्या त्यांतल्या कित्येकांच्या कडा करपलेल्या आहेत, पाण्याने शाई पसरली आहे. तरीही ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या सुटसुटीत लावून ठेवल्या आहेत. कुणाची फाइल सापडली नाही, तर तो सैन्यात नव्हता असा निष्कर्ष काढू नये. फाइल जळाली असण्याचीच शक्यता जास्त.

फाइल नसली तरी पदकांच्या नोंदपत्रिका आहेत. बटालियनच्या रोजनिश्या आहेत. मृत शिपायाच्या पगाराची बाकी कुणाच्या नावे दिली, याची जाडजूड पुस्तकं ब्रिटनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहेत. स्थलांतरिताच्या बाबतीत मी ही पुस्तकं सगळ्यांत आधी पाहायला सांगतो. पैसे जिथे गेले तिथे घर असतं. नाव आई, भाऊ, बायको यांपैकी कुणाचं आहे त्यावरून कुटुंबाची रचनाही उलगडते. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत मृतांच्या नावापुढे आईवडिलांचा तपशील असतो, पण तो कुटुंबाने छापील अर्ज भरून पाठवला तरच. समुद्रापारच्या, इंग्रजी न येणाऱ्या घरातून तो अर्ज बऱ्याचदा परत येत नसे. म्हणून परदेशातून आलेल्या शिपायांच्या नावापुढची ती ओळ फार वेळा रिकामी दिसते.

चंदननगरसारख्या गावाची आणखी एक अडचण. तिथला जन्म म्हणजे बंगाल सरकारच्या नव्हे, फ्रेंच वसाहतीच्या दप्तरातला जन्म. फ्रेंच वसाहतींच्या नोंदी आता दक्षिण फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हान्स इथल्या अभिलेखागारात ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे गोव्यातल्या घरांना हा अनुभव आहेच. आजोबा मुंबईहून ब्रिटिश बोटीवर चढले असले, तरी त्यांचा जन्म पोर्तुगीज नोंदवहीत, चर्चच्या पुस्तकात शोधावा लागतो. भरती ज्या राज्याच्या सैन्यात झाली त्याच राज्याच्या कागदात बालपण सापडेल, असं धरून चालू नये.

घरी पोहोचलेल्या वस्तू

मृत शिपायाच्या अंगावरच्या वस्तू घरी पाठवायची पद्धत होती. सेन यांच्या वस्तू चंदननगरला पोहोचल्या, घरच्यांनी जपल्या आणि पुढे संग्रहालयात गेल्या. चष्म्याचं फुटलेलं भिंग कुणी फेकून दिलं नाही, रक्त कुणी पुसलं नाही. ज्या आईच्या हातात ते पुडकं उघडलं गेलं असेल, तिच्या घराने ते जसंच्या तसं ठेवलं, म्हणून आज आपल्याला जोगेंद्रनाथ माहीत आहेत. एवढी नाजूक वस्तू सोमच्या चिखलातून हुगळीपर्यंत यावी आणि शंभर वर्षं टिकावी, हे खरोखर विरळा आहे.

त्या वस्तूंमध्ये एका तरुण इंग्रज बाईचा फोटो आहे. त्यावर प्रेमाने सही केली आहे, ‘सिस’ अशी. लीड्सच्या बाजूने काम करणाऱ्यांनी तिचाही शोध घेतला. मी इथे तिचं पूर्ण नाव देत नाही आणि त्या दोघांच्या नात्याला कसलंही नावही देत नाही. फोटोने जेवढं सिद्ध होतं तेवढं पुरे आहे. खंदकात जाताना तो फोटो त्यांच्या सामानात होता, आणि त्यांच्या बंगाली घरानेही तो फाडला नाही. १९१६ सालच्या त्या घराबद्दल माझ्या मनात त्यामुळे फार आदर आहे. कुटुंबाचा इतिहास लिहिताना लोक अशा फोटोभोवती लगेच गोष्ट विणतात. तसं करू नये, मेलेल्या माणसाला त्यावर काही बोलता येत नाही.

कुठल्या सैन्यात मेला

आता मी जिथे यायला निघालो होतो तिथे येतो. सेन गेले त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २९ एप्रिल १९१६ ला, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे भागातली मुलं उपाशी पोटी तिथे लढली. वेढ्यात गेली, त्यानंतर वाळवंटातल्या कैदेच्या वाटेवर आणखी गेली.

त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथे चाळीस हजारांवर मृतांची नोंद आहे. ब्रिटिश अधिकारी, ब्रिटिश शिपाई, हिंदी अधिकारी यांची नावं दगडावर कोरली. हिंदी शिपायांचे पलटणीप्रमाणे फक्त आकडे लिहिले. नावं नोंदवह्यांत होती, दगडावर आली नाहीत. २०२१ मध्ये युद्धकबर आयोगाने स्वतःच्याच चौकशी अहवालात मान्य केलं, की आशियाई आणि आफ्रिकी मृतांना नावाने स्मरण देण्यात भेदभाव झाला आणि आयोगाने त्याबद्दल माफीही मागितली.

जोगेंद्रनाथ सेन यांना फ्रान्समध्ये स्वतंत्र कबर मिळाली, नाव कोरलेला दगड मिळाला, आणि विद्यापीठाच्या भिंतीवर जागा मिळाली. हे बहुतांशी ते युरोपच्या आघाडीवर, ब्रिटिश पलटणीत मेले म्हणून. तेच सेन जर मराठा पलटणीच्या नावनिशीत असते आणि टायग्रिसच्या काठी पडले असते, तर बसऱ्याच्या दगडावर एका आकड्यातले एक झाले असते. ज्या सैन्याने त्यांना लान्स कॉर्पोरल होऊ दिलं नाही, त्याच सैन्याने मेल्यावर त्यांना गोऱ्याइतकीच जागा दिली. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत, आणि त्यातली कुठलीही एक लपवून त्यांची कथा सांगू नये.

आपल्या गावांतही हाच आकडा भेटतो. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात आणि पश्चिम महाराष्ट्र-कोकणातल्या कितीतरी चावड्यांवर, देवळांच्या भिंतींत संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके लोक १९१४-१९ च्या युद्धात गेले, पैकी इतके कामी आले. दोन आकडे, नाव एकही नाही. पाटी पाहिली की गावातल्या जुन्या घरांत विचारा, फेरफार आणि पेन्शनच्या कागदांत शोधा. पंजाबमधून गेलेल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या, त्या गेल्या काही वर्षांत सर्वांसाठी खुल्या होऊ लागल्या. इतकी वर्षं धूळ खात पडलेला कागदही बाहेर येऊ शकतो, हे त्यावरून दिसतं.

मुंबईच्या वाटेने शोधणाऱ्यांसाठी

नावाच्या घोळाचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर. मुंबईचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला, ब्रिटिश हवाई दलाच्या २३ व्या स्क्वाड्रनमधला वैमानिक. जून १९१८ च्या अखेरीस त्यांचं विमान शत्रूच्या हद्दीत पडलं आणि ते जर्मनांच्या ताब्यात असताना वारले. जर्मनांनी दफन करताना कबरीवर नाव भलतंच लिहिलं. युद्ध संपल्यावरही ते बेपत्ताच राहिले, आणि बऱ्याच पाठपुराव्यानंतर ती कबर त्यांची असल्याचं ठरलं. आज ती फ्रान्समध्ये हँगार्ड इथे आहे. ‘वेलिणकर’ हे आडनाव जर्मन कारकुनाच्या हातून कसं उतरेल याचा विचार कुणी केला, म्हणून ती सापडली. आपलं आडनाव शोधताना त्याच्या आठदहा वेड्यावाकड्या रोमन रूपांची यादी आधी करून घ्यावी.

घरचा माणूस जहाजावर खलाशी, भंडारी (म्हणजे स्वयंपाकी) किंवा इंजिनखोलीत होता असं ऐकलं असेल, तर सैन्याच्या यादीत वेळ घालवू नका. मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. कोकणपट्टीतल्या आणि गोव्यातल्या घरांनी आधी तिथे पाहावं. माणूस हिंदुस्थानातच वारला असेल, तर पुण्याजवळच्या खडकीच्या युद्ध दफनभूमीतलं पहिल्या महायुद्धाचं स्मारक तपासावं.

आणि घरात पदक असेल, तर ते पॉलिश करायला देऊ नका. पहिल्या महायुद्धातल्या गोल ब्रिटिश पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं. १९१४-१५ चा ताऱ्याच्या आकाराचा बिल्ला असेल, तर ते पाठीमागे असतं. वारंवार घासल्याने ती अक्षरं जातात. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ हे पदक चांदीचं नसून काशाचं असेल, तर तो माणूस बहुधा मजूर पथकात, खेचरांबरोबर किंवा पखाल घेऊन गेलेला असतो. मग त्याचा शोध लढाऊ पलटणींच्या कागदांत नाही, मजूर आणि वाहतूक पथकांच्या कागदांत करावा लागतो. भिंगाखाली तिरप्या उजेडात कड धरून आधी क्रमांक उतरवून घ्या. नावाचं स्पेलिंग कितीही बदललं, तरी माणूस एकाच पलटणीत असेपर्यंत क्रमांक सहसा बदलत नाही.